खाणीच्या गावातला संसार : झांबियाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मिस्टरांना झांबियात कालुम्बिला नावाचं गाव आहे तिथल्या तांब्याच्या खाणीत मेंटेनन्समध्ये नोकरी मिळतेय, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे आणि फॅमिली सोबत नेता येईल म्हणतायत. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ३ चा. मी स्वतः अकाउंट्समध्ये आहे, ती नोकरी सोडावी लागेल. घरचे म्हणतात मलेरिया आहे, साप आहेत, लेकरांना कशाला नेतेस, त्याला एकट्याला जाऊ दे. रात्र रात्र विचार करते पण ठरत नाही. लहान बहीण समजून स्पष्ट सांगा.

उत्तर : स्पष्टच सांगते, मुलांना घेऊन जा. दोन वर्षं बाबा फक्त व्हिडिओ कॉलवर दिसणं हे तीन वर्षांच्या पोरासाठी फार होतं, आणि तिकडे एकटे राहणाऱ्या पुरुषांचे काय हाल होतात, कामावरून आलं की खोली, खोलीवरून परत काम, ते मी सोल्वेझीत बरीच वर्षं संसार केला तेव्हा जवळून बघितलंय. पण सहीच्या आधी काही गोष्टी कंपनीकडून लेखी घे, तोंडी "हो हो बघू"वर जाऊ नको.

आधी जागा कशी आहे ते समजून घे. कालुम्बिला सोल्वेझीच्या पश्चिमेला साधारण १५० किलोमीटर, जंगलात. सेंटिनेल खाणीसाठीच हे गाव वसवलंय, खाणीचं नियमित उत्पादन २०१६ ला सुरू झालं, त्यामुळे रस्ते आखीव, घरं नवी, शाळा-दवाखाना-दुकान जवळ जवळ. सोल्वेझी हे नॉर्थ-वेस्टर्न प्रांताचं मुख्य गाव, तिथे मोठी सुपरमार्केटं आहेत, बाजार आहे आणि शेजारीच कान्सान्शीची खाण. त्याच्यापुढे काही मोठं लागलं तर चिंगोला, किटवे, आणि खरंच गंभीर दुखणं असेल तर राजधानी लुसाका नाहीतर थेट जोहान्सबर्ग. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की आजारी माणसाला विमानाने हलवायचा विमा आहे का, आणि त्यात बायको-मुलांची नावं आहेत का फक्त नवऱ्याचं. बरेच जण पगाराचा आकडा बघतात आणि हे विचारतच नाहीत.

दुसरं शाळा. फी कोण भरणार, किती वर्गापर्यंत, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये हवं. झांबियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन टर्म असतात, काही इंटरनॅशनल शाळांचं सप्टेंबरला असतं, तर मुलीचं वर्ष कुठे मोडणार हे आधी शाळेला मेल करून विचार. खाणीच्या गावांत प्रायमरीची सोय बरी असते. पुढे मुलं मोठी झाली की बरीच कुटुंबं त्यांना बोर्डिंगला पाठवतात, तुला एवढ्यात तो प्रश्न नाही.

तिसरं, कॉन्ट्रॅक्ट मध्येच संपलं तर परतीची तिकिटं आणि फीचं काय. तांब्याचा भाव पडला की खाणी माणसं कमी करतात, २०१५ ला कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तिथल्या तांब्याच्या खाणपट्ट्यात, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या होत्या. घाबरवायचं म्हणून नाही सांगत, पण कागदावर असलेलं बरं.

आता तुझी नोकरी. नवऱ्याच्या परमिटवर आपलं नाव असलं म्हणून आपल्याला तिथे पगारी काम करता येत नाही, त्याला वेगळं परमिट लागतं. अकाउंट्सच्या माणसाला संधी नसतेच असं नाही, पण मिळेलच असं धरून चालू नको. माझं मत विचारशील तर मलेरियापेक्षा हे रिकामेपण जास्त बायकांना जड जातं. ऑनलाइन कोर्स असेल, परीक्षा असेल, जे काय दोन वर्षांत पुरं करायचंय ते इथूनच ठरवून जा.

मलेरिया आहे, वर्षभर आहे आणि पावसात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल-मे, जास्त. उपाय माहितीचे आहेत, फक्त रोज करावे लागतात. संध्याकाळी लांब बाह्या, औषध मारलेली मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी. प्रतिबंधक गोळ्या मुलांना वजनावर ठरतात, काही मुलांना चालतच नाहीत, त्या निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घे. आणि ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, सर्दीचा असेल, दाताचा असेल असलं काही म्हणायचं नाही. बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतात, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. मलेरिया निघाला तर बहुतेक कोआर्टेम नावाच्या गोळ्या देतात, तीन दिवसांत सहा डोस, दुधाबरोबर किंवा थोड्या तेलातुपाच्या खाण्याबरोबर द्यायचा म्हणजे नीट लागू पडतो. दुसऱ्याच दिवशी ताप उतरतो आणि पोरगं उड्या मारायला लागतं, तरी सहाच्या सहा डोस पुरे करायचे.

एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही ती मी सांगते, तिथे पुत्झी माशी असते. बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर ती अंडी घालते आणि तो कपडा अंगात घातला की अळी कातडीखाली शिरते. आठवड्याभराने गळू आल्यासारखं दिसतं, मधोमध बारीक ठिपका असतो, आणि आत काहीतरी हलतंय असं वाटतं. त्यावर व्हॅसलिनचा जाड थर लावून ठेवला की अळीला श्वास घेता येत नाही, ती वर येते, मग नर्स हलकेच काढते. त्रासदायक आहे पण घातक नाही. आणि टाळता येतं ना, सगळ्या कपड्यांना कडक इस्त्री, चड्ड्या-बनियन-चादरी सगळ्यांना, नेफा आणि शिवणीवरून दोनदा, कारण अंडी तिथेच लपतात. ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांचं बरं. लहान मूल असलेल्या घरात हे काम चुकवायचं नाही.

साप आहेत, मांबा, पफ अ‍ॅडर, थुंकणारा नाग, सगळे. अंगणातलं गवत कापलेलं ठेव, रात्री बाहेर पडताना बूट आणि टॉर्च, पफ अ‍ॅडर वाटेतच निपचित पडून असतो, माणूस आला तरी हलत नाही म्हणून पाय पडतो. मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकव. आणि संथ ओढ्या-तळ्यात डुंबू द्यायचं नाही, बिल्हार्झिया होतो, म्हणजे पाण्यातले बारीक किडे कातडीतून शरीरात शिरून होणारा आजार, पोहायला क्लबचा पूल असतो.

बाकी रोजचं म्हणशील तर पहाटे खाणीच्या बस, लाल माती इतकी की पांढरे मोजे आठवड्यात गुलाबी होतात, सुरुंगाच्या आधी भोंगा वाजतो आणि मग कधी कधी खिडकीची काच थरथरते. महिन्याभरात मुलं त्याच्याकडे लक्षपण देत नाहीत.

प्रश्न : आम्ही सोल्वेझीत वर्षभरापासून आहोत, कंपनीच्या कॉलनीत. घर छान आहे पण मला गेटच्या आत कोंडल्यासारखं होतं. इथे कोणाचा नवरा कुठल्या ग्रेडला त्यावर कोण कोणाशी बोलणार हे ठरतं. लाइट जाते. त्यात घरकामाला येणारी बाई दर महिन्याला एक दिवस न सांगता येत नाही, कॉलनीतल्या बाकीच्या म्हणतात पगार काप, म्हणजे वठणीवर येईल. काय करू?

उत्तर : पगार अजिबात कापू नका. झांबियात २०१९ च्या एम्प्लॉयमेंट कोड कायद्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला महिन्यातून एक दिवस सुट्टीचा हक्क आहे, त्याला तिथे मदर्स डे म्हणतात, कारण सांगायचं नाही, डॉक्टरची चिठ्ठी द्यायची नाही. ती तिच्या हक्काचा दिवस घेतेय. मला तर हा कायदा फार आवडतो, आपल्या कितीतरी बायकांना असा एक दिवस मिळायला हवा होता. तुम्ही एवढंच म्हणा की बाई, जमलं तर आदल्या दिवशी मेसेज टाका म्हणजे मी माझी कामं तशी लावते. प्रेमाने सांगितलं तर नक्की करेल.

आणि हेही बघा की तिचा पगार सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या खाली नाही ना. पेन्शनसाठी नाप्सा या सरकारी योजनेचे ५ टक्के तुमचे आणि ५ टक्के तिच्या पगारातले, आरोग्य विम्याचा १-१ टक्का, हे भरणं मालकाचं काम आहे, तुमच्याकडे काम करते म्हणजे मालक तुम्हीच. कॉलनीतल्या जुन्या बायका सांगतात "कोणी भरत नाही", त्यांचं ऐकू नका. तिच्या म्हातारपणाचा पैसा आहे तो.

कोंडल्यासारखं होतं ते गेटच्या आत राहून कमी होणार नाही. शनिवारी बाजारात जा, सुपरमार्केटमध्ये नाही, बाजारात, आणि त्याच बाईला सोबत न्या, तिला भाव माहिती असतात. भोपळ्याचा पाला, ज्याला तिथे चिब्वाब्वा म्हणतात, रताळ्याचा पाला, रेप नावाची मोहरीच्या जातीची पालेभाजी, शेंगदाणे, सुकवलेली कापेंटा मासळी. पाल्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालून शिजवतात, इफिसाशी, आणि न्शिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिच्याबरोबर हाताने खातात. आपल्या जिभेला ही भाजी पहिल्या दिवशीच पटते. म्विनिलुंगाकडून मध आणि अननस येतो, तो सोडू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला रस्त्याच्या कडेला बायका मोठमोठ्या अळंब्या घेऊन बसतात, त्या घ्यायच्या पण ओळखीच्या विकणारीकडूनच.

बोलायला सुरुवात नमस्काराने करा. तिथे सरळ "हे कितीला" विचारणं उद्धटपणाचं समजतात, आधी कशा आहात, घरी कसे आहेत, मग भाव. बेंबा भाषेत "मुलि शानी", म्हणजे कशा आहात, एवढं आलं तरी समोरची हसून बोलायला लागते, आणि सोल्वेझीची खरी भाषा कावोंडे, तिची दोन वाक्यं घरकामाच्या बाईंकडूनच शिका. हे कावोंडे लोक खाण कंपन्या यायच्या कितीतरी आधीपासून तिथलं तांबं काढत होते, आपण पाहुणे आहोत हे लक्षात राहिलं की आपलं वागणंपण आपोआप नीट होतं. ८ मार्चला महिला दिनाला गावात एकसारख्या चितेंगेचे, म्हणजे तिथल्या रंगीत छापील कापडाचे, कपडे शिवून बायकांचे गट मोर्च्यात चालतात, कॉलनीतल्या चार जणी मिळून कापड घ्या आणि जा. ग्रेडच्या गोष्टी करणाऱ्यांना बोलावून बघा, आल्या तर छान, नाही आल्या तर सोडून द्या, मात्र ज्युनियरच्या बायकोला चहाला बोलवायचं तुम्ही थांबवू नका, नवीन आलेली बाई त्या एका चहाची वाट बघत असते.

लाइटचं म्हणाल तर झांबियाची वीज बहुतेक पाण्यावर चालते, २०२४ च्या दुष्काळात करिबा धरणाचं पाणी तळाला गेलं आणि देशभर दिवसातले कितीतरी तास वीज नव्हती. कॉलन्यांना खाणीची लाइन असेल तर बरं, नाहीतर इन्व्हर्टर आणि गॅसची शेगडी हवीच. फ्रीजरमध्ये महिन्याचं मांस-मटार भरून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, आठवड्यापुरतंच आणा. आणि चिंगोल्याच्या रस्त्याला निघायचं तर पहाटे, अंधार पडायच्या आत पोहोचायचं, त्या रस्त्यावर कॉंगोकडे जाणारे मोठे ट्रक आणि अ‍ॅसिडचे टँकर असतात, रात्री बंद पडलेला ट्रक दिसतच नाही.

प्रश्न : मुलगा-सून सोल्वेझीला आहेत, नातवाला बघायला आम्ही दोघं महिनाभर जायचं म्हणतोय, वय ६८ आणि ६४, मला बीपी, हिला शुगर. कधी जावं, काय न्यावं?

उत्तर : काका, मे ते ऑगस्टमध्ये जा. पाऊस नसतो, डास कमी, हवा सुंदर. फक्त स्वेटर न्या, जून-जुलैच्या रात्री चांगल्याच थंड असतात, आफ्रिका म्हणजे गरम असं समजून लोक नेत नाहीत आणि मग तिथे मुलाचं जाकीट घालून बसतात. ऑक्टोबर टाळा, तो सगळ्यात तापलेला महिना.

विमान बहुतेक आदिस अबाबावरून किंवा नैरोबीवरून असतं आणि इथिओपिया, केनिया हे दोन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत, म्हणजे तिथून परत येताना भारतात लसीचं कार्ड मागू शकतात, तेव्हा लसीचा विचार आधीच करा. कार्ड लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. पण ६० च्या वर ही लस डॉक्टर तपासूनच देतात, तुमची दोघांची औषधं दाखवून विचारा, द्यायची नाही म्हणाले तर तसं सर्टिफिकेट घ्या.

बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि वर पंधरा दिवसांच्या जास्त, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर लाइट जाण्याचा विचार करून थंड पाऊच न्या. खोकल्याची सिरप नेऊ नका, बेनाड्रिलमध्ये असतं त्या डायफेनहायड्रामीनवरून आणि कोडीनवरून तिथे प्रवाशांना पकडलेलं आहे.

तिथे गेल्यावर किफुब्वाच्या ओढ्याजवळ खडकावर कोरलेल्या जुन्या खुणा आहेत, सोल्वेझीपासून जवळच, तिथे जा. तब्येत साथ देत असेल तर चिंगोल्याजवळ चिम्फुन्शीला चिंपांझींचा अनाथाश्रम आहे, नातवाला घेऊन जा. झांबेझी नदीचा उगम त्याच प्रांतात, म्विनिलुंगाच्या पुढे आहे, पण रस्ता लांबचा आहे, तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. व्हिक्टोरिया धबधबा मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याच्यासाठी वेगळे चार दिवस काढा.

आणि परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही झांबियाहून आलोय, मलेरियाची टेस्ट करा. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात धोकादायक प्रकारचा असतो, तो थांबत नाही, तेव्हा रात्र असली तरी सकाळपर्यंत वाट बघू नका.