चाकाचे नट किती आवळावेत?

प्रश्न : पंक्चरवाला गनने (नट फिरवायच्या यंत्राने) नट आवळून देतो. नंतर स्टेपनी बदलायची वेळ आली की पान्यावर उभं राहिलं तरी नट सुटत नाहीत. नट घट्ट असणं चांगलंच ना?

उत्तर : नाही. लहान गाड्यांना साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटर टॉर्क (नट फिरवण्याचा जोर) लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. 70 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की 200 न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो. एवढ्या जोराने स्टड (नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो, आटे खराब होतात. नट कमी-जास्त आवळले गेले तर ब्रेकच्या डिस्कवर असमान ताण येतो आणि ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू शकतं.

हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा. नट आधी हातानेच फिरवा. आटे चुकले तर तिथेच कळतं. निमुळती बाजू रिमकडे हवी. चाक उचललेलं असतानाच समोरासमोरच्या क्रमाने हलके आवळा, मग जॅक उतरवून त्याच क्रमाने टॉर्क रेंचने (ठरवलेला जोर आला की आवाज करणाऱ्या पान्याने) पूर्ण करा. ‘टक्’ आवाज आला की थांबा, पुन्हा ओढू नका.

आट्यांना तेल-ग्रीस अजिबात लावू नका. घर्षण घटतं आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. 50 ते 100 किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा, अलॉय चाकं असतील तर न चुकता. पंक्चरवाल्यालाही सांगा : गन फक्त नट काढायला, शेवटचा आवळ रेंचने.