उंदीर हलला नाही म्हणून

नागपूर

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. तीन वर्षं जवसाच्या तेलावर खपलीस, दोन पेपर झाले, इतरांनी त्यांचे दिलेले दाखले (सायटेशन) बोटांवर मोजण्याइतके, आणि आता उंदरांचं कोलेस्टेरॉल खाली यायला तयार नाही. पीएच.डी.चे गाइड म्हणतात विषय बदल. तू विचारतेस, या कामाचा उपयोग तरी काय झाला?

जपानी संशोधक आकिरा एंडो यांच्याबद्दल मी तुला एम.एस्सी.ला शिकवलं होतं, पण घाईत, दोन ओळींत. आज नीट सांगते. जपानमधल्या सांक्यो कंपनीत 1971 पासून ते बुरशीमागे लागले. दोन वर्षांत सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होताना सगळा वेग ज्या एन्झाइमच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या) हातात असतो, त्या एचएमजी-कोए रिडक्टेजला रोखणारं काहीतरी त्यांना हवं होतं. तांदळावर सापडलेल्या एका निळसर हिरव्या बुरशीत 1973 साली ते मिळालं. नाव कॉम्पॅक्टिन. परीक्षानळीत झकास चाललं. उंदरांना खाऊ घातलं, तर रक्तातलं कोलेस्टेरॉल ढिम्म.

इथे कुणीही फाइल बंद केली असती. एंडोंनी उंदरावरच संशय घेतला. उंदराच्या रक्तात एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, मुळातच थोडं; बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमधून, म्हणजे 'चांगल्या' रूपात, फिरतं. शिवाय औषध पोटात गेलं की त्याचं यकृत तेच एन्झाइम कितीतरी पट जास्त बनवू लागतं, हे पुढे कळलं. मग त्यांच्या मनात आल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या. अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल जातं, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही भरपूर असणार. एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी कोंबड्या होत्याच. 1976 साली त्यांना कॉम्पॅक्टिन दिलं आणि कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं.

आता तुझा उपयोगाचा प्रश्न. एंडोंना नेमकं कोणतं एन्झाइम रोखायचं हे कळलं, कारण ब्लॉख आणि लिनेन यांच्यासारख्या संशोधकांनी आधीच ती वाट पायरी-पायरीने शोधली होती. कोलेस्टेरॉलमधले 27 कार्बन कुठून येतात याचा हिशेब लावत बसले तेव्हा त्यांच्यासमोर कुठली गोळी नव्हती. 1964 चं नोबेल दोघांना मिळालं. दुसरीकडे अमेरिकेत डॅलसमध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन हे संशोधक कोवळ्या वयात हृदयविकार होणाऱ्या मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवत होते. निरोगी पेशीला एलडीएल दिलं की ती स्वतः कोलेस्टेरॉल बनवणं थांबवते. या मुलांच्या पेशी थांबत नव्हत्या. पण तेच कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून दिलं, तर थांबल्या! म्हणजे बिघाड आतल्या यंत्रणेत नव्हता, दारात होता. एलडीएलला आत घेणारा रिसेप्टरच नव्हता. (हा प्रयोग वाचताना मला आजही उठून उभं राहावंसं वाटतं.) एंडोंची गोळी काम का करते, हे त्यातूनच उलगडलं: यकृतातलं उत्पादन मंदावलं की ते जास्त रिसेप्टर काढून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. 1987 मध्ये याच पद्धतीने काम करणारं पहिलं औषध बाजारात आलं; अशा औषधांना स्टॅटिन म्हणतात. आज मेडिकल चौकातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात स्टॅटिनची स्ट्रिप मिळते. घेणाऱ्याला ना एंडो माहीत, ना कोंबड्या.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी लिपिड प्रोफाइलच्या (रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या) रिपोर्टवर सही करायची. एका पेशंटचं टोटल कोलेस्टेरॉल 260, एचडीएल 35, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) 900. सूत्राप्रमाणे ट्रायग्लिसराइडला पाचने भागलं, 180 आले, ते आणि एचडीएल टोटलमधून वजा करून एलडीएल 45 लिहिलं. उत्तम आकडा! ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते. आमच्या टेक्निशियन भाऊंनी नळी उजेडात धरली. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, दुधासारखं पांढरं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, रातभर फ्रिजमध्ये ठेवून पाहा बरं." सकाळी नळीत वर बोटभर चरबीची साय धरली होती, तापवून ठेवलेल्या दुधावर धरते तशी. मी रिपोर्ट मागे घेतला, डॉक्टरांना फोन केला, पेशंटला बारा तास उपाशी ठेवून पुन्हा बोलावलं. तेव्हापासून नळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही केली नाही.

म्हणून विषय बदलण्याआधी तुझी नळी पाहा. उंदीर हलला नाही याचा अर्थ जवस निकामी असा होत नाही, आणि गुणकारी असाही होत नाही. आपल्या विदर्भात घरोघरी जवसाची चटणी खातात, म्हणून ते हृदयाला चांगलंच असणार, या मोहात तर मुळीच पडू नकोस. तू टोटल कोलेस्टेरॉल मोजलंस, एचडीएल वेगळं काढलंस का? ट्रायग्लिसराइडचं काय झालं? यकृताचे नमुने अजून डीप फ्रीझरमध्ये असतील तर त्यातलं रिडक्टेज मोजता येईल. आणि मे महिन्यात लाइट गेली तेव्हा फ्रीझर किती वेळ बंद होता, ते कुणी लिहून ठेवलंय का? गाइडशी भांडू नकोस, फक्त दोन महिने मागून घे.

रविवारी सकाळी घरी ये. टाइप केलेले तक्ते नकोत, डाग पडलेली मूळ नोंदवही आण. पहिल्या उंदरापासून वाचायला बसू.

तुझी,
मॅडम