शिकार आणि हजार यार्ड, दोन्हीला एकच स्कोप चालेल का?

तुमचा स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, प्रश्न थोडक्यात असा: कोलोराडोत राहता, ६.५ क्रीडमोर या काडतुसाची रायफल घेतली आहे, हंगामात एल्क किंवा म्यूल डिअर (तिकडची मोठी हरणं) आणि बाकी वर्षभर रेंजवर हजार यार्डांपर्यंत स्टीलच्या पाट्या. बजेट हजार डॉलर, आणि नजर आहे ६-२४×५० वर, म्हणजे ६ ते २४ पट मोठं दाखवणाऱ्या, पुढची काच ५० मिलिमीटरची असलेल्या स्कोपवर.

तो घेऊ नका. एकच घ्यायचा असेल तर ३-१५ घ्या, पुढची काच ४२ किंवा ४४ मिलिमीटरची.

दुकानात सगळे दुसऱ्या आकड्याकडे बघतात. शिकारीत मात्र पहिला आकडा महत्त्वाचा. ३ पटीला १०० यार्डांवर साधारण ३५ फुटांचा पट्टा दिसतो, ६ पटीला त्याच्या निम्मा. दाट झाडीत पन्नास यार्डांवर एल्क अचानक उभा राहिला की ६ पटीत नुसती तपकिरी केसाळ भिंत दिसते. खांदा कुठला आणि मागचा पाय कुठला हे शोधेपर्यंत तो गेलेला असतो.

शिवाय कोलोराडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते, आणि सावज बाहेर पडतं ते नेमकं त्या कडेच्या वेळेला. काचेचा व्यास भागिले पट, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका डोळ्यावर पडतो. ५० ला २४ ने भागलं तर जेमतेम २. अंधारात बाहुली ५ ते ७ मिलिमीटर उघडते, वय वाढेल तशी कमी. म्हणजे संधिप्रकाशात तुम्ही पट उतरवून ७ वर आणणारच, आणि तिथे ४४ ची काच ६ च्या वर देते. ५६ ची भली मोठी काच त्यावर फारसं काही देत नाही, उलट स्कोप उंच बसवावा लागतो. वजनाचंही बघा. लांब पल्ल्याचे मोठे स्कोप एक किलोच्या वर जातात. दहा हजार फुटांवर चढताना ते खांद्याला कळतं.

जास्त पट म्हणजे जास्त अचूक, हाही गैरसमजच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्या खेळात रायफलवर दुर्बीण लावायला परवानगीच नाही. हजार यार्डांवरची पाटी १५ पटीत व्यवस्थित दिसते, आणि उन्हाळ्यात दुपारी मृगजळ उठलं की २४ पटवाले शेजारीसुद्धा १५ वर उतरतात.

लांब पल्ल्याला खरी किंमत मोजायची ती टरेटची, म्हणजे नेम वर-खाली करायच्या चकतीची. १०० यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलेली, तुमची रायफल डेन्व्हरच्या उंचीवर हजार यार्डांसाठी आठ मिलच्या आसपास वर चढवावी लागेल (मिल हे कोनाचं माप, १०० यार्डांवर ३.६ इंच). ते चढवून परत खाली आणल्यावर झिरो जागेवर हवा. म्हणून झिरो-स्टॉप असलेला, म्हणजे झिरोवर येताच अडणारा, टरेट घ्या, आणि शिकारीसाठी तो लॉक होणारा हवा, नाहीतर पिशवीत घासून फिरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. रेटिकल (काचेतल्या नेमाच्या रेघा) आणि टरेट एकाच मापात घ्या, दोन्ही मिल किंवा दोन्ही एमओए, म्हणजे कोनाचं दुसरं माप. रेटिकल एमओएत आणि टरेट मिलमध्ये असला प्रकार स्वस्त मिळाला तरी नको.

रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनमध्ये (पट बदलला की रेघाही लहान-मोठ्या होतात) की सेकंडमध्ये (रेघा तेवढ्याच राहतात), यावर लोक तासन्‌तास भांडतात. फर्स्टमध्ये रेटिकलच्या खुणा कुठल्याही पटीला खऱ्या राहतात, पण ३ पटीला रेघा इतक्या बारीक होतात की संध्याकाळी काळ्या झाडीत हरवतात. सेकंडमध्ये रेघा ठसठशीत राहतात, पण खुणांचं माप बहुधा कमाल पटीलाच बरोबर येतं. तुम्ही टरेट फिरवूनच मारणार असाल तर सेकंड चालेल, आणि मी शिकारीच्या रायफलवर तोच लावतो. पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष, अंतरानुसार फिरवून घालवायची सोय मात्र बघून घ्या. साध्या शिकारी स्कोपमध्ये तो बहुधा १०० किंवा १५० यार्डांना कायमचा बसवलेला असतो.

नावंच हवी असतील तर व्होर्टेक्स रेझर एचडी एलएचटी ३-१५×४२ आणि ल्युपोल्ड व्हीएक्स-५एचडी ३-१५×४४ ही दोन हातात घेऊन बघा. दोन्ही साधारण साडेपाचशे-सहाशे ग्रॅमची, दोन्ही तुमच्या बजेटच्या आसपास.

स्कोप आठशे यार्डांना पुरतो म्हणून एल्कवर आठशे यार्डांवरून गोळी झाडू नका. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ६०० यार्डांवर तुमची गोळी दीड-दोन फूट ढकलतो, आणि तेवढ्या पाऊण सेकंदात जनावर एक पाऊल टाकतं. पाटीवर चूक झाली तर नुसता आवाज येत नाही. इथे पोट फुटलेलं जनावर जंगलात जातं. २०० यार्डांचा झिरो ठेवलात तर ३०० वर गोळी सात-आठ इंच खाली येते. माझी शिकार तिथेच थांबते.

हे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांसाठी: त्या व्हिसावर अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. आधी परवाना, मग बंदूक, मग स्कोप.

स्कोप बसवताना थंडीचं जाकीट घालून, कमाल पटीवर डोळा आणि स्कोप यांतलं अंतर ठरवा. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने, बनवणाऱ्याने दिलेल्या मापाइतकेच आवळा. मग मोजून १०० यार्डांवर उंच कागद ओळंब्याने सरळ लावा, खाली तीन गोळ्या झाडा, त्याच बिंदूवर नेम ठेवून १० मिल चढवा आणि पुन्हा तीन झाडा. दोन्ही घोळक्यांत ३६ इंच अंतर आणि ओळंब्याची रेघ सुटलेली नाही, तर ठेवा. रेघ सुटली तर स्कोप रिंगांत तिरका बसलेला असू शकतो, तो सरळ करून पुन्हा बघा. अंतरच ३४ निघालं तर परतीची मुदत संपण्याआधी दुकानात नेऊन द्या.