आजोबांच्या दुनळीचा दस्ता लांब वाटतो. कोपराला लावून मोजलेली लांबी बरोबर असते का?

तुमचा प्रश्न असा: शिकारीची जुनी 12 बोअर दुनळी वारशाने परवान्यावर आली, तुमची उंची 5 फूट 5 इंच, आणि कोणीतरी सांगितलं की दस्त्याचं बूड (मागचं टोक) कोपराच्या खोबणीत टेकवून बोट चापावर पोहोचलं की माप बरोबर.

अजिबात नाही. या कोपराच्या मापाने जेवढे चांगले दस्ते वाया गेलेत, तेवढे वाळवीने गेले नसतील. कोपराला कळते फक्त हाताची लांबी. मान किती लांब, छाती किती भरलेली, पुढचा हात नळ्यांखाली कुठवर जातो, अंगात सदरा आहे की स्वेटर, यातलं त्याला काही कळत नाही.

निफाडकडची एक दुनळी पाहण्यात आली. लांबी पुढच्या चापापासून बुडाच्या मध्यापर्यंत पावणेपंधरा इंच. (दोन चापांच्या बंदुकीत माप नेहमी पुढच्या चापापासून.) कोपराच्या हिशेबाने ती सव्वा इंच कापून साडेतेरावर आणलेली. पहिल्याच बाराला अंगठ्याचं हाड नाकावर. ते दिसलं तरी. न दिसणारं नुकसान जास्त होतं. दस्त्याची वरची कड मागे उतरती असते. दस्ता आखूड झाला की गाल पुढे, म्हणजे कडेच्या उंच भागावर येतो आणि डोळा वर जातो. सव्वा इंचाला साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग). तेवढ्यानेच 40 यार्डांवर छर्रे चार-पाच इंच वर जातात. शिवाय करवत गुण्याने सरळ चालवलेली, त्यामुळे बुडाचा मूळ तिरकसपणा गेला आणि खालचं टोक छातीत रुतायला लागलं. मागचं लाकूड गेल्याने तोल नळ्यांकडे झुकला तो वेगळाच. शेवटी बुडाचा कोन नीट करून, पातळ पट्टी आणि रबरी पॅड मिळून पाच सूत भरल्यावर, चौदा इंच एक सुतावर ती त्या माणसाला बसली.

आता तुमचं. बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बघा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. शेजारच्याला नाक आणि अंगठ्याचं मूळ यांच्यातलं अंतर बघायला सांगा. दोन बोटं हवीत, फार तर तीन. हे दहा-पंधरा वेळा करा. पहिल्या एक-दोन वेळा माणूस नकळत मान ताणून बंदुकीशी जुळवून घेतो, ती धरू नका. बूड वर येताना काखेत अडकत असेल किंवा खांदा सोडून दंडावर बसत असेल तर दस्ता लांब आहे. तुमच्या उंचीला पावणेचौदा ते चौदाच्या आसपास सुरुवात करा, पण हा आकडा अंतिम समजू नका. निफाडच्या थंडीत जाड स्वेटरवर बसलेला दस्ता मे महिन्यात सदऱ्यावर दोन सूत आखूड वाटतो. ज्या कपड्यात वापरणार त्यातच तपासा.

कापायचंच ठरलं तर एका वेळी दोन सूत, जास्त नाही. पॅडची जाडी आधी वजा करा: चौदा हवेत आणि पॅड एक इंचाचं, तर लाकूड तेरावर. कापायच्या रेषेवर चिकटपट्टी लावून बारीक दातांची करवत वापरावी, नाहीतर कडेच्या चिपा उडतात. आडव्या-उभ्या नळ्यांच्या बंदुकांत फरक आहे: उभ्या जोडीच्या (एकावर एक नळ्या) बऱ्याच बंदुकांत दस्त्यातून लांब बोल्ट जातो, तो आधी बघा.

एक राहिलंच. हे काम ओळखीच्या सुताराकडे देऊ नका. शस्त्र कायदा, 1959 नुसार दुरुस्ती परवानाधारकाकडेच करावी लागते, आणि बिनपरवाना माणसाच्या हाती बंदूक सोपवली तर तुम्हीही अडकाल. तसंच वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे शिकारीचा प्रश्नच नाही. रेंजवर क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या) मारणार असाल आणि बंदूक आधीच खांद्याला लावून उभे राहणार असाल, तर दोन सूत लांबही चालेल. म्हणजे कदाचित कापायलाच नको.

आणि कापलंच, तर तो तुकडा फेकू नका. पुढे लांबी वाढवायची झाली तर तेच लाकूड, तोच रंग, तीच रेघ पुन्हा मिळत नाही.