ज्ञानयज्ञात अग्नी कुठे असतो?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या सोसायटीच्या आवारात पाच दिवसांचा 'गीता ज्ञान यज्ञ' होणार आहे. फलक लागल्यावर एका आजोबांनी विचारलं, 'धूर किती होईल? मला दम्याचा त्रास आहे.' तिथे धूर नाही, कुंड नाही, समिधा नाहीत, फक्त प्रवचन आहे. मग त्याला यज्ञ का म्हणायचं? हा शब्द स्वामी चिन्मयानंदांनी काढला असं कुणी म्हणतं, ते खरं का? आणि 'ज्ञान यज्ञ' असा तोडून लिहिलेला बरोबर आहे का?"

आजोबांचा प्रश्न मला आवडला, त्यांनी शब्द वाचून त्याचा अर्थ खरा धरला. फलकावरचे शब्द असे मनावर घेणारी माणसं आता कमी राहिली आहेत.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. शब्द चिन्मयानंदांचा नाही, पण आज तो ज्या अर्थाने फलकावर येतो, तो रुळवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची सुरुवात पुण्यात झाली. एर्नाकुलमला १९१६ साली जन्मलेले बाळकृष्ण मेनन, म्हणजे पुढचे चिन्मयानंद, लखनौला कायदा आणि इंग्रजी साहित्य शिकले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, मग वर्तमानपत्रात लिहू लागले. ऋषिकेशला ते गेले ते श्रद्धेने नव्हे. साधूंचं पितळ उघडं पाडावं, एखादा सणसणीत लेख लिहावा, असा बेत होता. तिथे स्वामी शिवानंद भेटले आणि लेख राहूनच गेला. १९४९ च्या महाशिवरात्रीला त्यांनी शिवानंदांकडून संन्यास घेतला आणि पुढे उत्तरकाशीला तपोवन महाराजांजवळ राहून वेदान्ताचा अभ्यास केला. तिथून खाली उतरल्यावर ३१ डिसेंबर १९५१ रोजी पुण्यातल्या एका गणपतीच्या देवळात त्यांनी उपनिषदांवर बोलायला सुरुवात केली. सुरुवातीला श्रोते मूठभर, भाषा इंग्रजी. ही मालिका सुमारे शंभर दिवस चालली आणि तिला नाव दिलं होतं 'ज्ञानयज्ञ'.

उपनिषदं देवळात बसून वाटेल त्याला सांगायची, आणि तीही इंग्रजीत, हे काही कर्मठांना रुचणं शक्यच नव्हतं. पण नुसतं 'व्याख्यानमाला' म्हटलं असतं तर गोष्ट तेवढ्यावरच राहिली असती. पुण्याला व्याख्यानमालांचं काय कौतुक? 'यज्ञ' म्हटलं की तिथे संकल्प आला, ठरलेले दिवस आले, नेम आला आणि शेवट आला. मला वाटतं, नावाची निवड अतिशय विचारपूर्वक होती.

आता मागे जाऊ. गीतेत 'ज्ञानयज्ञ' चार ठिकाणी येतो, आणि चारही ठिकाणी त्याचा अर्थ एकच नाही. ही गंमत सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबतो.

चौथ्या अध्यायाच्या २८ व्या श्लोकात 'स्वाध्यायज्ञानयज्ञाश्च' असं आहे. तिथे 'ज्ञानयज्ञ' हे माणसांचं नाव आहे, कार्यक्रमाचं नाही. 'ज्ञान हाच ज्यांचा यज्ञ आहे ते' असा बहुव्रीही शंकराचार्य सोडवतात. म्हणजे या श्लोकाच्या भाषेत तुमच्या सोसायटीत ज्ञानयज्ञ होणार नाहीत, ज्ञानयज्ञ येतील. पाचच श्लोकांनंतर, ३३ व्यात, 'श्रेयान् द्रव्यमयाद्यज्ञाज्ज्ञानयज्ञः' असं येतं. तुपातांदळाच्या यज्ञाहून ज्ञानाचा यज्ञ बरा. इथे तो कर्मधारय: ज्ञान हाच यज्ञ. नवव्या अध्यायातही (श्लोक १५) आचार्य 'ज्ञानमेव यज्ञः' असाच विग्रह करतात. या दोन्ही ठिकाणी कुणी कुणाला काही ऐकवत नाही. ते ज्ञान साधकाच्या आत घडतं, मंडपात नव्हे.

तुमच्या फलकाला खरा आधार आहे तो अठराव्या अध्यायाचा, अगदी शेवटी, ७० व्या श्लोकात. 'आपल्या दोघांचा हा संवाद जो अभ्यासेल, त्याने ज्ञानयज्ञाने माझं पूजन केलं असं मी मानीन.' इथे प्रथमच गीतेचा अभ्यास म्हणजे ज्ञानयज्ञ, असं समीकरण सापडतं. पण त्यातही एक मेख आहे. क्रियापद 'अध्येष्यते' आहे, 'अभ्यास करील'. नुसतं ऐकणाऱ्यासाठी पुढचा, ७१ वा श्लोक वेगळा ठेवला आहे. श्रद्धेने ऐकणाऱ्याला शुभ लोक मिळतील, असं तिथे म्हटलंय, यज्ञाचं नाव नाही. तेव्हा खुर्चीवर मागे रेलून ऐकणाऱ्यांनी ज्ञानयज्ञ 'केला' असं गीतेच्या काटेकोर भाषेत म्हणता येणार नाही. चहाच्या वेळी हे सांगू नका, लोक पुढच्या दिवशी येणार नाहीत.

शिकवणाऱ्याची बाजू मात्र भक्कम आहे. मनुस्मृतीत पंचमहायज्ञ सांगताना पहिलाच यज्ञ 'अध्यापनं ब्रह्मयज्ञः' असा आहे (३.७०). शिकवणं हाच यज्ञ. त्या श्लोकातले पाच यज्ञ मोजले तर होम फक्त एकात आहे. दुसरं म्हणजे तर्पण, चौथा बळी, पाचवा अतिथीचा सत्कार. अग्नीशिवाय यज्ञ नाही, ही समजूत किती अपुरी आहे, हे एवढ्यावरून कळावं.

आणि सार्वजनिक पारायणाला 'ज्ञानयज्ञ' म्हणण्याची रीतही जुनीच. भागवताच्या माहात्म्यात नारद म्हणतात, 'ज्ञानयज्ञं करिष्यामि शुकशास्त्रकथोज्ज्वलम्'. भागवत सप्ताहाच्या पत्रिकेवर हा शब्द तेव्हापासून चढलेला आहे. चिन्मयानंदांनी वेगळं केलं ते इतकंच की सप्ताहाचा साचा घेतला आणि त्यात कथेऐवजी उपनिषदं आणि गीता बसवली, तीही एकेक श्लोक फोडून, विद्यापीठात शिकलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत. 'इतकंच' म्हणालो, पण ते थोडं नाही.

आपल्याकडे मात्र या शब्दावर सर्वांत सुंदर काम झालं ते नेवाशाला. नवव्या अध्यायातल्या त्याच श्लोकावर ज्ञानेश्वरांनी अख्खा यज्ञमंडप उभा केला आहे. आदिसंकल्प हा यूप, म्हणजे बळीचा पशू बांधायचा खांब. पंचमहाभूतं हा मांडव. 'भेदु तो पशु', म्हणजे बळी द्यायचा तो द्वैताचा. मनबुद्धीचं कुंड, त्यात ज्ञानाचा अग्नी, समता ही वेदी. आणि आहुतीचं तूप कसलं? 'अज्ञान घृत'. हे मला दर वेळी थांबवतं. अज्ञान हे फेकून द्यायची घाण नव्हे. तेच तूप, त्यावरच ज्वाळा चढते, अज्ञान नसेल तर ज्ञानाचा अग्नी पेटणार कशावर? पुढे 'शांति स्रुक्स्रुव । जीव यज्वा'. तूप ओतायच्या पळ्या म्हणजे शांती आणि यज्ञ करणारा म्हणजे खुद्द जीव. शेवटी अवभृथ, म्हणजे यज्ञ संपल्यावरचं स्नानसुद्धा आहे, आत्मसमरसतेत. मराठीत इतकी पूर्ण बसवलेली रूपकं मोजकीच असतील. शिवाय ग्रंथ संपवताना ते स्वतःच्या निरूपणाला 'वाग्यज्ञ' म्हणतात: 'आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें'. पसायदान आपण शाळेत दररोज म्हणतो आणि त्यातला हा 'यज्ञ' कानाआड करतो. तो ज्ञानयज्ञ नाही हेही पाहा. ऐकवण्याच्या कर्माला ज्ञानेश्वरांनी 'वाग्यज्ञ' हा वेगळा शब्द योजला. फलकासाठी शब्द निवडताना काटेकोर राहायचं असेल, तर प्रवचनमालेला 'वाग्यज्ञ' हाच खरा शब्द. पण असा फलक कुणी लावणार नाही.

अग्नी कुठे, याचं उत्तर एवढ्यात आलं. तरी धातू बघून घेऊ. पाणिनीय धातुपाठात 'यज' धातूचे तीन अर्थ दिले आहेत: देवपूजा, संगतिकरण, दान. जाळणं त्यात नाही. 'संगतिकरण' म्हणजे एकत्र आणणं, जुळवणं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायावर बोलताना चिन्मयानंद यज्ञाचा अर्थ 'सर्वांच्या भल्यासाठी निःस्वार्थपणे, मिळून केलेलं काम' असा करत. काही जणांना ती आधुनिक सोय वाटते. मला तसं वाटत नाही. धातूच्या तीन अर्थांपैकी मधल्यावर त्यांनी बोट ठेवलं, एवढंच. योगायोग असा की त्याच १९५१ साली, एप्रिलमध्ये, पोचमपल्लीला विनोबांच्या हातात पहिली जमीन आली आणि त्या चळवळीचं नाव पडलं 'भूदान-यज्ञ'. तिथे तिसरा अर्थ, दान. आठ-नऊ महिन्यांच्या अंतराने दोन संन्यस्त वृत्तीच्या माणसांनी हा जुना शब्द दोन वेगळ्या टोकांनी उचलला. त्यानंतर मग रक्तदान महायज्ञ, श्रमयज्ञ, आणि क्लासच्या जाहिरातीत 'पंचवीस वर्षं धगधगता ज्ञानयज्ञ' इथपर्यंत आपण आलो. हा शेवटचा प्रयोग मला खुपतो. फी घेऊन प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणं हे चांगलं, उपयुक्त काम आहे. त्याला शिकवणी म्हणावं.

चिन्मयानंदांच्या प्रवचनांत मराठी श्रोत्याला अडणारा खरा शब्द 'यज्ञ' नव्हता, 'वासना' होता. त्यांची शिकवण एका तक्त्यात मावते: वर ॐ, त्याखाली वासना, मग शरीर-मन-बुद्धी, त्यांच्यातून वावरणारा द्रष्टा-भोक्ता-विचारक, आणि तळाशी विषय, भावना, विचार. मनुष्याच्या आणि ॐकाराच्या मधला पडदा म्हणजे वासना. आता शहरी मराठीत 'वासना' म्हटलं की वर्तमानपत्रातली गुन्ह्यांची बातमीच आठवते. माझ्या एका मामांनी अशा तक्त्यापुढून आईला हळूच उठवून आणलं होतं, "इथे बायकांसमोर काय चाललंय!" म्हणून. वेदान्तातली वासना म्हणजे मागे उरलेला संस्कार, कापडाला लागून राहणाऱ्या वासासारखा. हा अर्थ मराठीने टाकलेला नाही, फक्त दुसऱ्या खणात ठेवला आहे. पिंडाला कावळा शिवेना, की आपण म्हणतो, 'कशात तरी वासना अडकली असेल.' ती हीच वासना. 'जेवणावरची वासनाच उडाली' हीसुद्धा तीच.

उच्चाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारे असतातच. 'ज्ञान' आणि 'यज्ञ' या दोन्हींत 'ज्ञ' आहे, पण त्यांचं कूळ वेगळं. ज्ञानातला 'ज्ञ' हा 'ज्ञा' धातूचा मूळचा. यज्ञातला 'ज्' धातूचा आणि पुढचा 'न' प्रत्ययाचा. यज् + न, आणि ज-च्या शेजाराने न-चा ञ झाला. दोघांचा मूळ उच्चार ज् + ञ असाच, पण तो आता फारसा कुणी करत नाही. आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीभाषक 'ग्य', गुजराती 'ग्न', तमिळ तर सरळ 'ञानम्'. म्हणून रोमन लिपीतल्या फलकांवर कुठे जी-वाय, कुठे जे-एन, तर कुठे आपला डी-एन-वाय दिसतो. त्यावर भांडण नको, सगळेच मूळ उच्चारापासून सारखेच लांब आहेत.

लेखन: ज्ञानयज्ञ, एकत्र. सामासिक शब्द मराठीत तोडत नाहीत. 'गीता-ज्ञानयज्ञ' लिहिलंत तर उत्तम. फलक छापून झाला असेल तर राहू दे.

एक सुचवणी. पाच दिवसांच्या कार्यक्रमाला 'ज्ञानसत्र' हाही चांगला शब्द आहे. सत्र म्हणजे अनेक दिवस चालणारा सोमयाग. त्यात सगळे ऋत्विजच, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहितच, यजमान असतात, म्हणून दक्षिणा नसते. शौनकादी ऋषींना भागवत ऐकायला मिळालं ते नैमिषारण्यात अशाच एका सत्रात. आता तो शब्द शाळेच्या सहामाहीला आणि सत्र न्यायालयाला चिकटला आहे, ही त्याची वाटचाल. प्रवेश मोफत असेल तर 'सत्र' अगदी चपखल बसेल.

आणि पत्रिकेत शेवटच्या दिवसापुढे 'सांगता समारोप' असं छापलंय, तेवढं जमलं तर बदला. सांगता म्हणजे साङ्ग-ता, यज्ञ सर्व अंगांसहित पुरा होणं. नुसतं 'सांगता' पुरे. आजोबांना मात्र 'धूर होणार नाही' असं आजच कळवून टाका.