वारेच्या पेशींवर संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलीच्या आईस

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी जीवरसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पर्यावरणातील रासायनिक प्रदूषके मानवी वारेच्या (म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाच्या) पेशींना कशी इजा करतात, यावर संशोधन करण्याचे तिने ठरवले आहे. इतक्या लहान विषयात आयुष्य कसे काढणार आणि वैद्यकीय पदवी नसताना हे काम करता येते का, असे आपण विचारता. अशी रसायने रोज हाताळताना तिच्या प्रकृतीला आणि पुढे तिच्या मातृत्वाला धोका तर नाही ना, ही शंका आपण अगदी शेवटी दोनच ओळींत लिहिली आहे. परंतु पत्र मुख्यतः त्या दोन ओळींसाठीच लिहिले गेले असावे असे मला वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपली भीती अनाठायी नाही. पेशींवर प्रत्यक्ष टाकले जाणारे द्रावण अत्यंत सौम्य असते, पण ते ज्या मूळ द्रावणापासून तयार करतात ते तीव्र असते, आणि या क्षेत्रात नेहमी वापरली जाणारी बेंझोपायरीन व कॅडमियम ही द्रव्ये माणसाला कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. पूड तोलणे आणि मूळ द्रावण तयार करणे ही कामे फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात), त्या विशिष्ट रसायनाला रोखू शकतील असेच हातमोजे घालून करायची असतात. मानवी ऊती हाताळायच्या असतील तर हिपॅटायटिस बीची लस आधी घ्यावी लागते. जिथे या गोष्टी पहिल्याच आठवड्यात शिकवल्या जातात, तिथे हे काम निर्धास्तपणे करता येते. जिथे "एवढ्याने काही होत नाही" असे ऐकू येईल, तिथून तिने सरळ परत यावे, मार्गदर्शक कितीही नामवंत असला तरी. पुढे गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा तो आधीच सांगून घातक द्रव्यांचे काम दुसऱ्याकडे सोपवून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

आता विषयाच्या आकाराबद्दल. वार म्हणजे बाळाभोवतीची अभेद्य तटबंदी, अशी समजूत विसाव्या शतकात बराच काळ टिकून होती. थॅलिडोमाइड हे गरोदर स्त्रियाही घेत असलेले औषध 1957 साली विक्रीस आले आणि 1961 च्या अखेरीस मागे घेतले गेले, तोवर हजारो मुले हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. जपानमधील मिनामाता येथे 1956 साली नोंदल्या गेलेल्या आजारात कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल मर्क्युरी माशांवाटे मातांच्या शरीरात गेले; कित्येक मातांमध्ये फारशी लक्षणे दिसत नसताना त्यांची मुले मात्र मेंदूच्या तीव्र विकारासह जन्मली. पुढे कुटुंबांनी जपून ठेवलेल्या वाळलेल्या नाळांमध्ये संशोधकांनी तो पारा मोजला.

हे का घडले, याचे उत्तर पेशीत सापडते. मिथिल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटते, आणि बाळासाठी अमिनो आम्ले वाहून नेणारी वारेतील प्रथिने त्या जोडीलाही पलीकडे पोहोचवतात. परिणामी बाळाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही अधिक होते. कॅडमियमची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते बहुतांशी वारेतच अडकून पडते आणि बाळापर्यंत फार थोडे जाते, तरीही जस्ताची वाहतूक आणि प्रोजेस्टेरॉनची निर्मिती बिघडवून ते नुकसान करतेच. म्हणजे प्रदूषक पलीकडे गेले की नाही एवढाच प्रश्न नसतो, वाटेत त्याने पेशीचे काय केले हेही पाहावे लागते. वारेच्या केशासारख्या उंचवट्यांवर ट्रोफोब्लास्ट पेशी (वारेच्या बाहेरच्या थरातील पेशी) एकमेकींत विलीन होऊन एक अखंड, अनेक केंद्रकांचा थर तयार करतात. पूर्ण दिवसांच्या वारेत त्याचे क्षेत्रफळ 10 चौरस मीटरांहून अधिक भरते. त्याच कुळातील दुसऱ्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करतात, आणि हे शिरकावाचे काम अपुरे राहिले तर पुढे आईचा रक्तदाब वाढणे, बाळाची वाढ खुंटणे असे प्रसंग येतात. कोणते रसायन विलीन होण्यात अडथळा आणते, कोणते शिरकाव रोखते, कोणते मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाला, इजा करते, किती मात्रेत आणि गरोदरपणाच्या कोणत्या आठवड्यात, याची उत्तरे बहुसंख्य रसायनांबाबत अजून मिळायची आहेत. ज्या विषयात इतके प्रश्न शिल्लक आहेत, त्याला लहान म्हणणे मला पटत नाही.

एक अडचण मात्र तिला आधीच माहीत असावी. उंदराची वार रचनेने मानवी वारेहून वेगळी असते, त्यामुळे प्राण्यांवरील निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. अनेक दशके वापरात असलेल्या बीवो आणि जेईजी-3 या पेशीमालिका (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) वारेच्या कर्करोगापासून मिळवलेल्या आहेत, म्हणून त्यांचे वर्तन निरोगी पेशींसारखेच असेल असे धरून चालत नाही. आणि प्रसूतीनंतर मिळालेल्या वारेतून वेगळ्या केलेल्या पेशी फार दिवस टिकत नाहीत. 2018 साली मानवी ट्रोफोब्लास्टच्या मूळ पेशी (स्टेम सेल) आणि वारेच्या पेशींपासून वाढवलेले ऑर्गनॉइड, म्हणजे ऊतीसारखी रचना असलेले पेशींचे सूक्ष्म गोळे, प्रयोगशाळेत टिकवता येऊ लागले, तेव्हापासून या क्षेत्राला नवी गती आली आहे. तिने योग्य वेळी हा विषय निवडला आहे, असे मी म्हणेन.

वैद्यकीय पदवीची गरज नाही. जीवरसायनशास्त्र, पेशीविज्ञान किंवा विषशास्त्र यांपैकी एकात पदव्युत्तर पदवी आणि नंतर पीएच.डी. हा नेहमीचा मार्ग आहे, पीएच.डी.साठी पाच वर्षे धरावीत. सोबत तिने संख्याशास्त्र मनापासून शिकावे, कारण मात्रा आणि परिणाम यांचा संबंध मांडता आला नाही तर सुंदर छायाचित्रे हाती राहतात, पण निष्कर्ष निघत नाही. विद्यापीठातील जागा थोड्या असतात हे खरे आहे. तरीही औषधे, कीटकनाशके आणि औद्योगिक रसायने यांच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करणाऱ्या प्रयोगशाळांत व नियामक संस्थांत पेशीसंवर्धन आणि विषशास्त्र या दोन्हींचा अनुभव असलेल्या माणसांना काम असते, आणि मला स्वतःला ती वाट दुय्यम वाटत नाही. एखाद्या रसायनाची मर्यादा कमी करणारा निर्णय तिथेच होतो.

प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तिने कोणत्याही पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत दोन महिने काम करावे, मग विषय वारेचा नसला तरी चालेल. पेशींना दर दोन-तीन दिवसांनी नवे पोषकद्रव द्यावे लागते आणि त्यांना सुट्टी कळत नाही. पुढे वारेवर काम करू लागल्यावर मातेची लेखी संमती व नैतिकता समितीची परवानगी आधीच घेऊन ठेवावी लागेल, आणि प्रसूती मध्यरात्री झाली तरी काही तासांच्या आत ऊतीवर प्रक्रिया करावी लागेल. मार्गदर्शकाला भेटताना ऊती कुठून येतात, रात्रीच्या कामाच्या पाळ्या कशा लावतात आणि मूळ द्रावणे कोण व कुठे तयार करतो, हे तिने अवश्य विचारावे. शक्य असेल तर त्या भेटीनंतर आपण दोघींनी एकत्र बसून मला पुन्हा लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक