आजोबांना कळेल का?

प्रिय मित्रा,

तुझी चारही गाणी ऐकली. स्पीकरवर लावली तेव्हा शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, म्हणून उरलेली हेडफोनवर. ड्रम झकास. शब्द मात्र पहिल्यांदा ऐकताना एकही कळला नाही. ‘इथे मराठी कुणाला समजणार, मग इंग्रजीतच गाऊ का?’ असं विचारलंयस. सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण तू शिकागोत आहेस, म्हणून तिथल्याच एका पंक (म्हणजे वेगवान, आरडाओरडीच्या, बंडखोर रॉकच्या) बँडबद्दल लिहितो.

एकदा पिंक लाइनने १८व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतर. स्टेशनातच भित्तिचित्रं सुरू होतात. ही वस्ती पिल्सेन. नाव चेक कामगारांनी आणलेलं, त्यांच्या प्ल्झेन शहरावरून. १९६०च्या दशकात जवळच विद्यापीठाचं आवार उभं राहिलं, तिथल्या मेक्सिकन कुटुंबांची घरं गेली आणि त्यातली बरीच इकडे सरकली. याच वस्तीत १९९१ साली तो बँड, लॉस क्रूडोस, जमला. क्रूडो म्हणजे कच्चा. मेक्सिकन बोलीत, आदल्या रात्रीची अजून न उतरलेला माणूससुद्धा! गायक मार्तिन सोरोंदेगी जन्माने उरुग्वेचा, वाढला शिकागोत.

गाणी छोटी, सुसाट आणि जवळजवळ सगळी स्पॅनिशमध्ये. स्थलांतरितांना मिळणारी वागणूक, लॅटिन अमेरिकेतल्या हुकूमशाह्यांनी बेपत्ता केलेली माणसं, असे विषय. मार्तिनच्या जन्मदेशात १९७३ ते १९८५ अशीच राजवट होती, त्यामुळे हा राग वाचून आलेला नव्हता.

त्यांच्या जुन्या कार्यक्रमांची चित्रणं मिळव आणि गाण्यांपेक्षा मधल्या जागा ऐक. मार्तिन दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो, कधी कधी गाण्याहून जास्त वेळ. पुढचं गाणं कशावर आहे, का लिहिलं, हे समोरच्याला समजेल असं सांगतो आणि मगच ओरडतो. नुसतं उड्या मारायला आलेल्याला हे जड जात असणार. जाऊ दे. तुझ्या वयाचा असताना मीही बँडमध्ये घसा फोडून ओरडायचो. एकदा एका मुलीने खाली उतरल्यावर विचारलं, “गाणं कशावर होतं?” मला दोन वाक्यंही सांगता आली नाहीत. ओरडणं मी उचललं होतं, सांगणं राहून गेलं होतं.

त्यांची स्पॅनिश मला झेंडा वाटत नाही. घरात, दुकानात, गल्लीत तीच बोलली जायची; शेजारच्या पोराला मध्ये दुभाषा न लागता कळावं, एवढाच हिशेब असावा. आणि पंकवाल्यांच्याच गोतावळ्यातून जेव्हा त्यांना स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठीची शिवी हासडली गेली, तेव्हा ती शिवी गाण्याच्या नावातच घालून त्यांनी उत्तर दिलं. ते इंग्रजीत! शिवी देणाऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून. म्हणजे भाषा ठरली ती गाणं कुणाशी बोलतंय त्यावरून.

आता तुझं बघ. घरमालकावरचं तिसरं गाणं इंग्रजीतच राहू दे, तो इंग्रजीच बोलतो. पण दुसरं, १९८२च्या संपानंतर आजोबांची गिरणी सुटली त्यावरचं? ते इंग्रजीत ऐकताना मला कसंतरीच झालं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाच ते समजणार नाही. उलट, तळघरातल्या पन्नास अमेरिकनांसमोर मराठी गाशील तर ती नुसती फोडणी ठरण्याचा धोका आहेच. तो टाळायचा तर आधी दोन मिनिटं इंग्रजीत बोल: गिरणगाव कुठे, संप कशासाठी. ड्रमरला थांबायला सांग. अरे, ड्रमर तूच की. मग काठ्या खाली ठेवून बोल.

लेबलची, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीची, वाट बघू नकोस. मार्तिनने स्वतःचं काढलं होतं, लेंगुआ आर्मादा, म्हणजे सशस्त्र जीभ. १९९८ला बँड थांबला, नंतर ते पुन्हा एकत्र वाजवू लागले. मधल्या काळात त्याने उघडपणे समलिंगी असलेला लिंप रिस्ट हा बँड उभा केला. तोही ऐक, पण सावकाश.

सुट्टीत येशील तेव्हा दुसऱ्या गाण्याचा मराठी खर्डा आजोबांना वाचून दाखव, ड्रमशिवाय. ‘असं नव्हतं रे’ म्हणून ते कुठे कुठे थांबवतात तेवढं टिपून घे आणि मला पाठव.

तुझा,
काका